रसदवाहनाचे चिलखत : पैशाआधी वजनाचा हिशेब

२३ डिसेंबर २०२२ रोजी उत्तर सिक्कीममधील झेमा येथे लष्कराचा एक ट्रक तीव्र उताराच्या वळणावर घसरून दरीत कोसळला आणि १६ जवानांचा मृत्यू झाला. त्यानंतर चार महिन्यांच्या आत, २० एप्रिल २०२३ रोजी, जम्मू-काश्मीरमध्ये भिंबर गली ते पूंछ या रस्त्यावर जोरदार पावसात दहशतवाद्यांनी लष्कराच्या ट्रकवर गोळीबार केला, ट्रकने पेट घेतला आणि ५ जवान हुतात्मा झाले. त्या वेळच्या बातम्यांनुसार त्या ट्रकमध्ये जवळच्या गावातील इफ्तारसाठी फळे आणि इतर सामान होते. अशी बातमी वाचली की मनात पहिला प्रश्न येतो तो हा, की या ट्रकांना चिलखत का बसवत नाहीत. प्रश्न योग्यच आहे. परंतु झेमाचा अपघात शेजारी ठेवला की तो अवघड होतो. पूंछच्या ट्रकमध्ये जे पोलाद उपयोगी पडले असते, तेच पोलाद डोंगरातल्या वळणावर ट्रकला अधिक जड करते, त्याचा गुरुत्वमध्य वर नेते आणि ब्रेकवरचा ताण वाढवते. रसदवाहनांची खरेदी करणाऱ्याला हे दोन्ही धोके एकाच वाहनात, एकाच अंदाजपत्रकात आणि काही वर्षे आधी सोडवायचे असतात.

रसदवाहन म्हणजे लढणारे वाहन नव्हे. धान्य, पाणी, डिझेल, दारूगोळा, औषधे, सुटे भाग आणि कित्येकदा माणसेही वाहून नेणारे ट्रक आणि टँकर म्हणजे रसदवाहने. आपल्या लष्करात जबलपूरच्या कारखान्यातून बाहेर पडलेला स्टॅलियन हा ट्रक बहुतेकांनी महामार्गावर कधी ना कधी पाहिलेला असतो. रणगाडा विकत घेताना संरक्षण हाच मूळ हेतू असतो, त्यामुळे त्याचे वजन कोणाला खटकत नाही. ट्रकचा मूळ हेतू माल वाहणे हा असतो, आणि त्याच्यावर चढवलेला प्रत्येक किलो चिलखताचा भार मालाच्या वाट्यातून वजा होतो.

हा हिशेब प्रत्यक्ष आकड्यांत करून पाहिला तर बराच गोंधळ दूर होतो. एक चौरस मीटर क्षेत्रफळाच्या आणि एक मिलिमीटर जाडीच्या पोलादी पत्र्याचे वजन सुमारे ७.८५ किलो भरते. ट्रकची कॅब म्हणजे साधारण २.२ मीटर रुंद, १.८ मीटर लांब आणि १.७ मीटर उंच पेटी आहे असे धरू. तिच्या चार भिंती, छत आणि तळ मिळून सुमारे साडेएकवीस चौरस मीटर क्षेत्र होते. रायफलीची साधी गोळी अडवण्यासाठी उत्तम प्रतीच्या कडक चिलखती पोलादाची साडेसहा मिलिमीटरच्या आसपास जाडी लागते, म्हणजे या पेटीचे वजन साधारण ११०० किलो झाले. चिलखतभेदी गोळी अडवायची असेल तर जाडी साडेचौदा मिलिमीटरच्या घरात जाते आणि वजन अडीच टनांच्या जवळ पोहोचते. खिडक्यांच्या जागी गोळीरोधक काच बसवली म्हणून भार कमी होत नाही, कारण तेवढ्याच संरक्षणासाठी काच पोलादापेक्षा कितीतरी जाड घ्यावी लागते आणि ती जडच पडते. सिरॅमिक आणि उच्च ताकदीच्या तंतूंच्या साहाय्याने वजन बरेच उतरते, परंतु किंमत अनेक पटींनी चढते.

आता पाच टनी ट्रकांच्या ताफ्याने १०० टन माल पोहोचवायचा आहे असे समजा. विनाचिलखत २० ट्रक पुरतात. हलके चिलखत चढवले आणि चासी, म्हणजे ट्रकचा खालचा सांगाडा, तीच ठेवली, तर प्रत्येक ट्रकची क्षमता ३.९ टनांवर येते आणि २६ ट्रक लागतात. जड चिलखत चढवले तर क्षमता अडीच टनांवर येऊन ट्रकांची संख्या ४० होते. प्रत्येक ट्रकमध्ये दोन माणसे धरली तर धोक्याच्या रस्त्यावर आधी ४० माणसे जात होती, आता ८० जातात. त्या चिलखतामुळे प्रत्येक माणसाचा धोका निम्म्याने कमी झाला असे मानले, तरी एकूण जीवितहानीचा अंदाज जिथे होता तिथेच राहतो, आणि ट्रक, डिझेल व देखभाल यांचा खर्च मात्र दुप्पट होतो. हे गणित मी मुद्दाम ढोबळ ठेवले आहे. प्रत्यक्षात चासी मजबूत करता येते आणि इंजिन मोठे घेता येते. तरीही संरक्षणाची खरी किंमत आधी टनांत आणि मग रुपयांत मोजावी लागते, ही गोष्ट त्यातून स्पष्ट होते.

इंधनाचा प्रश्न याच साखळीतला आहे. अमेरिकी लष्कराच्या पर्यावरण धोरण संस्थेने २००९ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, २००७ च्या आकड्यांच्या आधारे, अफगाणिस्तानात इंधन पोहोचवणाऱ्या दर २४ ताफ्यांमागे एक जवान मृत वा जखमी होत असल्याचे नमूद केले होते. इराकमध्ये हे प्रमाण सुमारे ३८ ताफ्यांमागे एक असे होते. वाहने जड झाली की ती अधिक डिझेल पितात, अधिक डिझेल पोहोचवण्यासाठी अधिक ताफे निघतात, आणि ताफे वाढले की त्याच रस्त्यावर जीव धोक्यात घालणारी माणसे वाढतात.

गोळीपेक्षा सुरुंगाचा प्रश्न अधिक कठीण आहे. संरक्षणाची पातळी ठरवण्यासाठी जगभर नाटोचे स्टॅनॅग ४५६९ हे मानक वापरले जाते. त्यात गोळ्यांच्या पातळ्या वेगळ्या आणि सुरुंगांच्या वेगळ्या असतात. सुरुंगाच्या दुसऱ्या पातळीत ६ किलो, तिसरीत ८ किलो आणि चौथीत १० किलो स्फोटक धरले जाते, आणि तो स्फोट चाकाखाली झाला की वाहनाच्या पोटाखाली, यानुसार प्रत्येक पातळीचे पुन्हा दोन भाग पडतात. चाकाखाली की पोटाखाली, हा भेद ट्रकच्या बाबतीत निर्णायक ठरतो. नाकाड नसलेल्या, म्हणजे इंजिनाच्या वर कॅब असलेल्या ट्रकमध्ये चालक आणि त्याचा जोडीदार जवळजवळ पुढच्या चाकांवरच बसलेले असतात, आणि दाबाने फुटणारा सुरुंग बहुधा पुढच्याच चाकाखाली फुटतो. बॉनेट पुढे असलेल्या ट्रकमध्ये माणसे चाकाच्या मागे बसतात. स्फोटाचा दाब अंतराबरोबर झपाट्याने घटत असल्यामुळे एवढा एक-दीड मीटरचा फरकही जीव वाचवू शकतो, आणि त्यासाठी एक किलो पोलादही लागत नाही. मात्र बॉनेटचा ट्रक तेवढ्याच मालासाठी अधिक लांब होतो, घाटातल्या वळणांवर अडतो आणि विमानात वा जहाजात अधिक जागा व्यापतो. त्यामुळे ट्रकचा आकार ठरवणारी बैठक हीच खरे तर संरक्षणाची पहिली बैठक असते, जरी त्या दिवशी चिलखताचे नाव कोणी काढले नसले तरी.

पुरवठ्याची वाहने आघाडीच्या मागे सुरक्षित असतात, हा समज किती महाग पडतो, हे अमेरिकेच्या अनुभवातून सर्वांत स्पष्ट दिसते. व्हिएतनाममध्ये २ सप्टेंबर १९६७ रोजी प्लेइकू ते आन खे या मार्गावर परतीच्या ताफ्यावर हल्ला होऊन ७ जण मारले गेले. त्यानंतर तिथल्या वाहतूक तुकड्यांनी आपल्याच काही ट्रकांवर आधी वाळूची पोती आणि मग पोलादी पत्रे बांधून, मशीनगन बसवून, 'गनट्रक' तयार केले. यात एक शहाणपण होते: सगळ्या ट्रकांना थोडे थोडे चिलखत देण्याऐवजी काही ट्रकांतला माल पूर्णपणे उतरवून त्यांना ताफ्याचे राखणदार केले गेले. युद्ध संपले आणि तो धडाही सैन्याच्या खरेदीतून मागे पडला. २३ मार्च २००३ रोजी इराकमध्ये नासिरिया येथे ५०७ व्या देखभाल कंपनीचा ताफा रस्ता चुकून शहरात शिरला आणि ११ सैनिक मारले गेले. ही तुकडी दुरुस्तीचे काम करणारी होती. ८ डिसेंबर २००४ रोजी कुवेतमधील एका छावणीत एका सैनिकाने संरक्षणमंत्री डोनाल्ड रम्सफेल्ड यांना उभे राहून विचारले, की आमच्या वाहनांना चिलखत लावण्यासाठी आम्हाला कचऱ्याच्या ढिगाऱ्यातून भंगार का उपसावे लागते.

घाईघाईने जोडलेल्या त्या पत्र्यांनी काही जीव निश्चितच वाचवले, पण ज्या चासीवर ते चढवले ती त्यासाठी बनलेलीच नव्हती. पुढचे ॲक्सल, म्हणजे चाकांना जोडणारे आस, अतिभाराने खचत, सस्पेन्शन आणि ब्रेक लवकर झिजत, दारे इतकी जड होत की वाहन उलटल्यावर ती आतून उघडणे कठीण जाई. या अनुभवातून अमेरिकी लष्कराने आपल्या ट्रकांसाठी जी दीर्घकालीन चिलखत योजना आखली, ती मला या साऱ्या विषयातील सर्वांत उपयुक्त कल्पना वाटते. तिच्यात संरक्षणाचे दोन भाग केले गेले. पहिला भाग, ज्याला ते 'ए-किट' म्हणतात, तो प्रत्येक ट्रकमध्ये कारखान्यातूनच येतो: मजबूत पुढचे ॲक्सल, भार पेलणारे सस्पेन्शन, चिलखत अडकवण्याच्या जागा आणि काही लपलेले संरक्षण. दुसरा भाग, म्हणजे 'बी-किट', हा प्रत्यक्ष जड पत्रे आणि काचा यांचा संच असतो. तो वेगळा ठेवतात आणि धोक्याच्या प्रदेशात जाताना बसवतात. शांततेच्या काळात ट्रक हलका राहतो, कमी डिझेल पितो, कमी झिजतो. शिवाय बी-किट सगळ्या ट्रकांच्या संख्येइतके घ्यावे लागत नाहीत. एका वेळी जेवढे ट्रक धोक्याच्या भागात असतील तेवढ्यांपुरते आणि थोडे राखीव घेतले की भागते.

या योजनेत खर्च कुठे होतो, हे नीट समजून घ्यायला हवे. ए-किटचे पैसे प्रत्येक ट्रकमागे, अगदी आयुष्यभर छावणीतच फिरणाऱ्या ट्रकमागेही, आज मोजावे लागतात आणि त्या बदल्यात डोळ्यांना काहीच दिसत नाही. म्हणूनच काटकसरीची वेळ आली की पहिली कात्री तिथे लागते. परंतु ॲक्सलची क्षमता नंतर विकत घेता येत नाही. चिलखत घेता येते. पत्रा काही आठवड्यांत कापून मिळतो, पण त्याचे ओझे न पेलणारा ट्रक बदलायला वर्षे लागतात. माझ्या मते अंदाजपत्रक तोकडे असेल तेव्हा बी-किटची संख्या कमी करावी, ए-किटला हात लावू नये.

संरक्षण वाढवत नेले की प्रत्येक पुढचा टप्पा आधीच्या टप्प्याइतके फळ देतोच असे नाही, हेही अमेरिकेने मोठी किंमत मोजून पाहिले. सुरुंगरोधक आणि हल्लारोधक अशा 'एमरॅप' वाहनांची मागणी मरीन कोअर या अमेरिकी सैन्यदलाच्या इराकमधील अधिकाऱ्यांनी फेब्रुवारी २००५ मध्ये केली होती, ती रेंगाळली. मे २००७ मध्ये संरक्षणमंत्री रॉबर्ट गेट्स यांनी तिला खात्याच्या खरेदीत सर्वोच्च प्राधान्य दिले आणि नंतरच्या काही वर्षांत सुमारे २७ हजार वाहने आली, ज्यांवर ४५ अब्ज डॉलरांच्या आसपास खर्च झाला. या वाहनांचा इंग्रजी 'व्ही'सारखा तळ स्फोटाचा झोत दोन्ही बाजूंना वळवतो, आसने जमिनीला न टेकता टांगलेली असतात, त्यामुळे मणक्याला बसणारा धक्का कमी होतो. तोटेही तेवढेच ठळक होते: उंच आणि जड असल्याने ती उलटत, अरुंद रस्त्यांच्या कडा त्यांच्या वजनाने खचत, आणि अफगाणिस्तानातील डोंगरवाटांसाठी २००९ साली त्यांची निराळी, हलकी आवृत्ती घ्यावी लागली.

या खरेदीवर क्रिस रोल्फ्स आणि रायन सलिव्हन या दोन अर्थतज्ज्ञांनी लष्कराच्याच आकडेवारीच्या आधारे अभ्यास केला. त्यांचा निष्कर्ष असा, की पायदळाच्या तुकड्यांत विनाचिलखत वाहने काढून मध्यम चिलखताची वाहने दिली तेव्हा काही तुकड्यांत एका वाचलेल्या जीवामागे १० ते २० लाख डॉलर खर्च आला, म्हणजे तो बदल अतिशय सार्थ होता. परंतु मध्यम चिलखताकडून एमरॅपसारख्या जड वाहनांकडे गेल्यावर मृत्यूंमध्ये लक्षणीय घट दिसली नाही. प्रशासकीय आणि साहाय्यक तुकड्यांमध्ये तर पहिल्या बदलाचाही ठळक परिणाम आढळला नाही. संरक्षण खात्याच्या बाजूने या निष्कर्षाला जोरदार विरोध झाला, आणि त्या विरोधात तथ्य आहे असे मला वाटते. कारण सर्वांत मजबूत वाहने सर्वांत धोक्याच्या रस्त्यांवर पाठवली जातात, आणि शत्रूही आपली स्फोटके त्यांच्याच हिशेबाने वाढवतो. एका जीवाची डॉलरांत किंमत लावणे ऐकायलाही नकोसे वाटते. तरीही पैसा मर्यादित असताना तो एका ठिकाणी खर्च करणे म्हणजे दुसऱ्या ठिकाणी न करणे असते. न मोजता घेतलेला निर्णयही कोणाच्या तरी जीवाची किंमत ठरवतच असतो, फक्त ती कागदावर येत नाही.

शत्रूने स्फोटक वाढवण्याचा मुद्दा आपल्याकडे फार जवळून अनुभवलेला आहे. १३ मार्च २०१८ रोजी छत्तीसगडमधील सुकमा जिल्ह्यात किस्टाराम भागात केंद्रीय राखीव पोलीस दलाचे सुरुंगरोधक वाहनच माओवाद्यांनी उडवले आणि ९ जवान गेले. १० किलोंच्या मानकासाठी बनलेल्या वाहनाखाली पन्नास किलो स्फोटक पुरणे पुरणाऱ्याला फारसे महाग पडत नाही, तर पन्नास किलोंना पुरे पडणारे वाहन बनवणे अतिशय महाग पडते. दुसऱ्या टोकाला गडचिरोली आहे. १ मे २०१९ रोजी कुरखेड्याजवळ जांभुळखेडा येथे पोलिसांच्या शीघ्र कृती दलाचे १५ जवान एका खासगी वाहनातून जात असताना सुरुंगाचा स्फोट झाला. त्यांच्यासह वाहनाचा चालकही मृत्युमुखी पडला. एका ठिकाणी चिलखत होते आणि पुरले नाही, दुसऱ्या ठिकाणी ते नव्हतेच. अशा प्रदेशात रस्ता आधी पायी तपासून मोकळा करणारी तुकडी, ठरलेल्या वेळा आणि मार्ग बदलण्याची शिस्त, पुलाखालच्या मोऱ्यांची तपासणी आणि शक्य तिथे हेलिकॉप्टर, हेही वाहनाच्या संरक्षणाचेच भाग मानायला हवेत. खरेदीच्या कागदात ते दिसत नाहीत, कारण ते वेगळ्या शीर्षाखाली खर्ची पडतात.

आता पुन्हा झेमाकडे यावे लागेल. १९ ऑगस्ट २०२३ रोजी लेह जिल्ह्यात कियारीजवळ ट्रक दरीत कोसळून ९ जवान गेले. मे २०२२ मध्ये तुर्तुक भागात श्योक नदीच्या पात्रात वाहन कोसळून ७ जण गेले होते. या तीन अपघातांत मिळून ३२ जवान गेले, आणि त्यांत शत्रूचा हात कुठेच नव्हता. अमेरिकेच्या संसदेसाठी लेखापरीक्षण करणाऱ्या कार्यालयाने २०२१ साली दिलेल्या अहवालात, २०१० ते २०१९ या काळात लष्कर आणि मरीन कोअरच्या वाहनांचे लढाईबाहेरचे ३,७५३ अपघात आणि त्यांत १२३ मृत्यू नोंदवले आहेत, आणि निम्म्याहून अधिक मृत्यू वाहन उलटल्याने झालेले आहेत. चाके अडकू न देणारे ब्रेक, वाहन घसरू लागताच ते सावरणारी इलेक्ट्रॉनिक यंत्रणा, उलटल्यावर न चेपणारी कॅब, मागे बसणाऱ्यांसाठीसुद्धा खांद्यावरून येणारे पट्टे आणि चालकाला पुरेशी झोप, या गोष्टींची किंमत जड चिलखतापुढे किरकोळ आहे आणि वजन जवळजवळ नगण्य. डोंगरी सीमा असलेल्या आपल्या देशाने चालक-दलाच्या संरक्षणाचा पहिला रुपया इथे खर्च करावा आणि चिलखताचा विचार त्यानंतर, निवडक मार्गांसाठी करावा, असे मला आग्रहाने वाटते. पूंछ-राजौरी भागातील आणि ८ जुलै २०२४ रोजी कठुआत माचेडी येथे झालेल्या हल्ल्यांत मारा प्रामुख्याने गोळ्या आणि हातबाँब यांचा होता. अशा मार्गांवरील ट्रकांना गोळी अडवणारी हलकी कॅब आणि मागच्या भागात छर्रे अडवणारे अस्तर देणे वजनाच्या हिशेबातही बसते.

हे सारे निविदेत उतरवणे ही शेवटची आणि सर्वांत रूक्ष वाटणारी अडचण आहे. सरकारी खरेदीत तांत्रिक अटी पूर्ण करणाऱ्यांपैकी सर्वांत कमी किंमत सांगणारा, म्हणजे 'एल-वन', निवडला जातो. ही पद्धत भ्रष्टाचाराला आवर घालते म्हणून ती टाकून देण्यासारखी नाही, पण तिच्यात किमान अटीपेक्षा अधिक सुरक्षित वाहन देणाऱ्याला काही लाभ नसतो. २०१६ च्या संरक्षण खरेदी पद्धतीने वाढीव गुणवत्तेच्या काही निकषांसाठी किमतीच्या तुलनेत १० टक्क्यांपर्यंत श्रेय देण्याची सोय केली. ती ट्रकांसाठी वापरायची तर पुढच्या ॲक्सलची शिल्लक क्षमता आणि कॅबची उलटताना टिकण्याची ताकद हे निकष तिच्यात बसवण्यासारखे आहेत. त्याच बरोबर निविदेत केवळ खरेदीची किंमत न पाहता संपूर्ण आयुष्यातील डिझेल, टायर आणि देखभाल यांचा खर्च मांडला, तर कायमचे जड चिलखत आणि काढता-घालता येणारे चिलखत यांतला फरक आपोआप उघड होतो. चाचण्यांची सोयही आपल्या घरात आहे. अहिल्यानगर येथे संरक्षण संशोधन आणि विकास संघटनेची वाहनांसाठीची स्वतंत्र संस्था अनेक वर्षे काम करते आहे.

एक माणूस मात्र या सगळ्या हिशेबाबाहेर राहतो, आणि तो म्हणजे भाड्याच्या वाहनाचा चालक. लडाखमध्ये हिवाळ्यापूर्वीचा साठा पोहोचवण्यासाठी लष्कर मोठ्या संख्येने खासगी ट्रक भाड्याने घेते. जांभुळखेड्याला गेलेला सोळावा माणूस असाच नागरी चालक होता. ६ जानेवारी २०२५ रोजी छत्तीसगडमधील बिजापूर जिल्ह्यात कुटरूजवळ ८ जवानांसह जो नववा गेला तोही चालकच होता. लष्करी वाहनांचे संरक्षण महाग झाले की भाड्याची वाहने वाढवण्याचा मोह होतो, कारण त्यांचा दर फेरीनुसार ठरतो आणि जोखीम त्यांच्या मालकाच्या व चालकाच्या पदरात जाते. ज्या मार्गासाठी लष्करी ट्रकला बी-किट आवश्यक ठरवले असेल, त्या मार्गावर भाड्याचा ट्रक त्याशिवाय पाठवता येणार नाही, एवढी एक अट भाडेकरारात घातली तरी त्या फेरीची खरी किंमत पहिल्यांदा कागदावर दिसेल.